पॅकेजमधली फाईल थेट चालवली की इम्पोर्ट का अडतो

चिकोडी भागातील एका तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी ते पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहीत आहेत. ‘प्रकल्प’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘ऊस’ हे पॅकेज, म्हणजे पायथनच्या फाईलींचे फोल्डर, आहे आणि त्याच्या पोटात ‘काटा’ व ‘अहवाल’ ही दोन उपपॅकेजेस आहेत. ‘काटा’मधील वजन.पाय या फाईलमध्ये भरलेल्या ट्रॉलीच्या वजनातून रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करून निव्वळ वजन काढणारे फंक्शन आहे, तर ‘अहवाल’मधील मासिक.पाय ही फाईल ‘फ्रॉम ..काटा.वजन इम्पोर्ट निव्वळ’ या इम्पोर्टच्या ओळीने ते फंक्शन मागवून महिन्याचा गोषवारा तयार करते. मासिक.पाय ही फाईल एडिटरच्या रन बटणाने चालवली की ‘अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट विथ नो नोन पेरेंट पॅकेज’ अशी चूक येते. तीच फाईल ‘ऊस’मधील सुरुवात.पाय या फाईलमार्फत चालवली की ‘अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट बियाँड टॉप-लेव्हल पॅकेज’ अशी वेगळीच चूक दिसते. इम्पोर्टच्या ओळीतील डॉट काढून टाकले तर सुरुवात.पाय सुरळीत चालते, परंतु मासिक.पाय थेट चालवल्यावर ‘नो मॉड्यूल नेम्ड काटा’ असे उत्तर मिळते. शेवटी त्यांनी सिस.पाथमध्ये, म्हणजे पायथन मागवलेल्या फाईली ज्या फोल्डरांत शोधतो त्यांच्या यादीत, डी ड्राइव्हवरचा पूर्ण पत्ता जोडला, त्यांच्या लॅपटॉपवर सगळे चालू लागले, आणि कारखान्याच्या संगणकावर मात्र रात्रीचा अहवाल पुन्हा अडला.

उत्तराआधी एक खुलासा. येथे कमांड आणि कोडच्या ओळी मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. टाईप करताना त्या रोमन अक्षरांतच टाईप करायच्या आहेत. पायथन ३.० पासून व्हेरिएबल, फंक्शन आणि मॉड्यूल यांची नावे देवनागरीत ठेवण्यास भाषेची हरकत नाही, परंतु इम्पोर्ट, फ्रॉम, डेफ हे शब्द रोमनच राहतात, आणि पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने बसवायच्या प्रकल्पाचे नाव तर रोमन अक्षरांतच असावे लागते. म्हणून फाईलींची नावेही रोमनमध्ये ठेवावीत, असे माझे मत आहे.

आता मूळ मुद्दा. तुमची इम्पोर्टची पहिली ओळ, म्हणजे डॉट असलेली ओळ, बरोबरच होती. तुम्ही प्रत्येक वेळी प्रोग्रॅम वेगळ्या ठिकाणाहून आणि वेगळ्या रीतीने सुरू केलात आणि दुरुस्ती मात्र इम्पोर्टच्या ओळीत शोधत राहिलात. तुमच्या प्रश्नाचे तातडीचे उत्तर एका कमांडचे आहे: टर्मिनल उघडा, ‘प्रकल्प’ या फोल्डरमध्ये या, ‘ऊस’मध्ये शिरू नका, आणि ही कमांड द्या.

पायथन -एम ऊस.अहवाल.मासिक

पुष्कळ जण येथेच थांबतात, आणि म्हणून पंधरा दिवसांनी तीच चूक दुसऱ्या रूपात घेऊन परत येतात. ही कमांड का चालते हे एकदा नीट समजले, तर वरच्या तिन्ही चुका तुम्हाला स्वतःलाच वाचता येतील.

आपण फाईल आणि मॉड्यूल हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, पायथन तसे करत नाही. फाईल ही डिस्कवरची वस्तू आहे. मॉड्यूल ही स्मृतीत तयार झालेली वस्तू आहे आणि तिला एक पूर्ण नाव असते. डॉटने सुरू होणारा इम्पोर्ट सोडवताना पायथन डिस्कवरचे शेजारचे फोल्डर पाहत नाही. तो चालू मॉड्यूलचे पॅकेज कोणते हे नावावरून पाहतो आणि त्या नावातून पुढचा हिशेब करतो. एक डॉट म्हणजे माझे स्वतःचे पॅकेज, दोन डॉट म्हणजे त्याच्या वरचे. बेळगावात गणपत गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला ‘मागच्या गल्लीतले तिसरे दुकान’ एवढे सांगितले तरी तो बरोबर पोहोचतो, कारण आपण कोठे उभे आहोत हे त्याला ठाऊक असते. तेच शब्द पोस्टकार्डावर पत्ता म्हणून लिहिले तर ते कार्ड कोठेही पोहोचणार नाही. ज्या मॉड्यूलला आपण कोणत्या पॅकेजमध्ये आहोत हे सांगितलेलेच नाही, त्याच्या दृष्टीने दोन डॉट म्हणजे असेच पोस्टकार्ड आहे.

हे मानून घेण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावे. मासिक.पाय या फाईलच्या अगदी वर, अडणाऱ्या इम्पोर्टच्याही आधी, या दोन ओळी घाला.

इम्पोर्ट सिस
प्रिंट(__नेम__, __पॅकेज__, सिस.पाथ[०])

आणि मग फाईल तिन्ही प्रकारांनी चालवा. रन बटणाने, म्हणजेच फाईलचा पत्ता देऊन, चालवल्यावर छापून येईल:

__मेन__ नन डी:\प्रकल्प\ऊस\अहवाल

येथे मॉड्यूलचे नाव ‘__मेन__’ झाले आहे आणि पॅकेजच्या जागी ‘नन’ आहे, म्हणजे काहीही नाही. फाईल डिस्कवर ‘ऊस’च्या आत आहे, हे तुम्हाला दिसते, पायथनला ती एक सुटी स्क्रिप्ट म्हणून दिली गेली आहे. ‘नो नोन पेरेंट पॅकेज’ या शब्दांचा अर्थ अक्षरशः तोच आहे. शिवाय सिस.पाथ या यादीतील पहिली जागा पाहा: मॉड्यूल शोधण्याची सुरुवात ‘अहवाल’ या फोल्डरपासून होणार आहे, आणि त्या फोल्डरात ‘काटा’ नाही. डॉट काढल्यावर ‘नो मॉड्यूल नेम्ड काटा’ असे का आले, तेही याच ओळीत आहे.

सुरुवात.पाय थेट चालवून तिच्यातून मासिक मागवल्यावर दिसेल:

अहवाल.मासिक अहवाल डी:\प्रकल्प\ऊस

आता पॅकेज मिळाले आहे, परंतु ते ‘अहवाल’ एवढेच आहे, ‘ऊस.अहवाल’ नव्हे. शोध ‘ऊस’ फोल्डरच्या आतून सुरू झाला, त्यामुळे ‘ऊस’ हे नाव कधी उच्चारलेच गेले नाही आणि ‘अहवाल’ हेच सर्वांत वरचे पॅकेज ठरले. दोन डॉट त्याच्याही वर जाऊ पाहतात, आणि वर काही नाही. ‘बियाँड टॉप-लेव्हल पॅकेज’ ही तक्रार त्यामुळे पूर्णपणे न्याय्य आहे.

आणि ‘प्रकल्प’मध्ये उभे राहून -एम वापरल्यावर:

__मेन__ ऊस.अहवाल डी:\प्रकल्प

नाव येथेही ‘__मेन__’च आहे, त्यामुळे ‘इफ __नेम__’ने सुरू होणारा तुमचा शेवटचा भाग नेहमीप्रमाणे चालतो, पण पॅकेज मात्र पूर्ण आणि खरे आहे. -एम हा पर्याय पायथन २.४ मध्ये आला, २.५ मध्ये तो पॅकेजच्या आतील मॉड्यूलपर्यंत पोहोचला, आणि अशा रीतीने सुरू केलेल्या मॉड्यूललाही आपले पॅकेज कळावे म्हणून __पॅकेज__ ही खूण २.६ मध्ये जोडली गेली. दुसरा फरक शोधाच्या आरंभाचा आहे. फाईलचा पत्ता दिला तर सिस.पाथच्या पहिल्या जागी त्या फाईलचे फोल्डर बसते, आणि -एम दिले तर तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात ते बसते. म्हणून ही कमांड ‘प्रकल्प’मधूनच द्यायची, आणि म्हणूनच ती ‘अहवाल’मध्ये शिरून दिली तर ‘नो मॉड्यूल नेम्ड ऊस’ असे उत्तर मिळते.

-एम नंतर मॉड्यूलचे नाव लिहायचे असते, फाईलचा पत्ता नव्हे. विंडोजवर टॅब दाबून नाव पूर्ण करण्याच्या सवयीने तिरक्या रेघा आणि शेवटी .पाय येतो, आणि कमांड फसते. डॉट वापरा आणि .पाय गाळा. डॉट वापरूनही शेवटी चुकून .पाय राहिले, तर त्याशिवायचे नाव वापरून पाहा असे हल्लीच्या आवृत्त्या स्वतःच सुचवतात. तो लाल मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवय लावून घ्या.

सुरुवात.पाय या फाईलचेही असेच करा. तिचे नाव बदलून __मेन__.पाय ठेवा आणि ती ‘ऊस’च्या आतच राहू द्या. मग ‘पायथन -एम ऊस’ एवढी कमांड संपूर्ण प्रोग्रॅम सुरू करते. तिच्यातील ‘फ्रॉम अहवाल इम्पोर्ट मासिक’ ही ओळ मात्र ‘फ्रॉम ऊस.अहवाल इम्पोर्ट मासिक’ अशी करावी लागेल. पायथन २ मध्ये शेजारची फाईल नुसत्या नावाने मागवता येत असे. ती सोय पायथन ३ मध्ये जाणीवपूर्वक काढून टाकली आहे, कारण शेजारची फाईल हवी आहे की त्याच नावाचे बाहेरचे मॉड्यूल हवे आहे, हे वाचणाऱ्याला कळत नसे. जुन्या पुस्तकांतील आणि जुन्या नोट्समधील उदाहरणे आज चालत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

डॉट वापरावेत की पूर्ण नाव लिहावे, असेही तुम्ही विचारले आहे. माझा स्वतःचा नियम असा आहे की एकाच उपपॅकेजमधील शेजारच्या फाईलसाठी एक डॉट वापरावा, आणि उपपॅकेज ओलांडायचे असेल तर पूर्ण नाव लिहावे. म्हणजे ‘काटा’मधील पावती.पाय या फाईलमध्ये ‘फ्रॉम .वजन इम्पोर्ट निव्वळ’, आणि मासिक.पाय या फाईलमध्ये ‘फ्रॉम ऊस.काटा.वजन इम्पोर्ट निव्वळ’. पायथनच्या लेखनशैलीचा अधिकृत मार्गदर्शकही पूर्ण नावांनाच पसंती देतो. दोन डॉटची ओळ चूक नाही, पण सहा महिन्यांनी फाईल दुसऱ्या फोल्डरात हलवली की तिचा अर्थ बदलतो. मात्र पूर्ण नाव लिहिले म्हणून फाईल थेट चालवण्याची मोकळीक मिळत नाही; थेट चालवल्यास ‘ऊस’ सापडणार नाही, कारण शोधाचा आरंभ तेव्हाही ‘अहवाल’ फोल्डरापासूनच होतो.

सिस.पाथमध्ये हाताने पत्ता जोडण्याविषयी मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण त्या एका ओळीने माझे स्वतःचे मोठे नुकसान केले आहे. उद्यमबागेतील एका फाउंड्रीसाठी मी ओतकामाच्या वजनावरून बिल काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता आणि त्याच्या पहिल्या ओळीत डी ड्राइव्हवरचा पत्ता सिस.पाथच्या आरंभी घुसवला होता. पुढे तेथे नवा संगणक आला. प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर ठेवला गेला, आणि जुन्या संगणकावरचा सगळा मजकूर जपून ठेवावा म्हणून कोणीतरी तो जसाच्या तसा डी ड्राइव्हवर उतरवून ठेवला. प्रोग्रॅम सुरू झाला, एकही चूक आली नाही, आणि बिले निघू लागली. त्यानंतर दर बदलले. मी सी ड्राइव्हवरच्या फाईलमध्ये नवे दर भरले. बिले मात्र जुन्याच दराने निघत राहिली, कारण माझी ती ओळ प्रत्येक वेळी डी ड्राइव्हवरची जुनी प्रत पुढे करत होती. हिशेबनिसांनी एक बिल दरपत्रकाशी ताडून पाहिले तेव्हा हे उघडकीस आले, आणि आठ दिवसांची बिले पुन्हा काढावी लागली. नंतर कारण शोधायला मला एक ओळ पुरली:

प्रिंट(दर.__फाईल__)

मागवलेले मॉड्यूल डिस्कवरच्या नेमक्या कोणत्या फाईलमधून आले, हे ही ओळ सांगते. इम्पोर्ट अडला तर निदान ते दिसते, पण चुकीच्या जागेहून निमूटपणे यशस्वी झालेला इम्पोर्ट दिसत नाही, आणि हाताने जोडलेला पत्ता नेमकी तीच शक्यता निर्माण करतो. पायथनपाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरणे त्यापेक्षा थोडे बरे, कारण तो निदान कोडच्या बाहेर राहतो. पण तोही एकेका संगणकापुरता असतो आणि दुसऱ्याच्या संगणकावर तो आहे की नाही हे कोडकडे पाहून कळत नाही.

-एम वापरू लागल्यावर एक वेगळा प्रश्न समोर येऊ शकतो, आणि तो सूक्ष्म असल्यामुळे आधीच सांगून ठेवतो. समजा, मासिक.पाय या फाईलमध्ये ‘दरपत्रक’ नावाची यादी आहे आणि प्रोग्रॅम सुरू होताना ती भरली जाते. पावती.पाय ही फाईल ‘फ्रॉम ऊस.अहवाल.मासिक इम्पोर्ट दरपत्रक’ असे म्हणून तीच यादी मागवते. तुम्ही मासिक हेच मॉड्यूल -एमने सुरू केले, तर पावतीला ती यादी रिकामी मिळेल. याचे कारण असे की, सुरू केलेल्या मॉड्यूलची नोंद पायथनने ‘__मेन__’ या नावाने केलेली असते. पावती जेव्हा ‘ऊस.अहवाल.मासिक’ मागते तेव्हा त्या नावाची नोंद यादीत सापडत नाही, आणि पायथन तीच फाईल दुसऱ्यांदा वाचून दुसरे मॉड्यूल तयार करतो. सीमाभागातल्या माणसाला हे लगेच उमजावे. शेतकऱ्याचे नाव कारखान्याच्या पावतीवर मराठीत एका रीतीने असते आणि जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये दुसऱ्या रीतीने. माणूस एकच, पण नुसती नावे ताडून पाहणाऱ्या संगणकाला दोन शेतकरी दिसतात आणि एकाचा ऊस दुसऱ्याच्या खात्यात सापडत नाही. मॉड्यूलचेही तसेच होते. त्यातून येणारी आणखी एक गोंधळात टाकणारी खूण म्हणजे इझ-इन्स्टन्स, म्हणजे वस्तू कोणत्या वर्गाची आहे याची, तपासणी. वस्तू त्याच वर्गाची दिसत असूनही उत्तर ‘फॉल्स’ येते, कारण वर्गाच्याही दोन प्रती तयार झालेल्या असतात.

यावर उपाय एकच मला भरवशाचा वाटतो. ज्या फाईलपासून प्रोग्रॅम सुरू होतो, ती इतर कोणीही मागवू नये. __मेन__.पाय चार-पाच ओळींची ठेवा, तिने फक्त खरे काम करणारे फंक्शन मागवून चालवावे, आणि यादी, वर्ग, दर यांसारखी सर्वांना लागणारी सामग्री वेगळ्या फाईलीत असावी. -एमने चालवताना ‘फाउंड इन सिस.मॉड्यूल्स’ या शब्दांचा इशारा कधी दिसला तर तो दुर्लक्षू नका. -एम आधी वरच्या पॅकेजेसच्या __इनिट__.पाय फाईली, म्हणजे पॅकेज मागवताच आपोआप चालणाऱ्या फाईली, चालवते. त्यांपैकी एखादीने तुमचे मॉड्यूल आधीच मागवून ठेवले असेल तर हा इशारा येतो. __इनिट__.पाय शक्य तितकी रिकामी ठेवली की तो जातो.

__इनिट__.पाय विषयी आणखी एक गैरसमज आहे. इम्पोर्ट अडला की प्रत्येक फोल्डरमध्ये ही रिकामी फाईल टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. पायथन ३.३ पासून ही फाईल नसलेले फोल्डरही पॅकेज म्हणून मागवता येते, त्यामुळे तुमच्यासारख्या चुकीचे कारण ती फाईल नसणे हे सहसा नसते. तरीही मी ती प्रत्येक फोल्डरमध्ये ठेवतो. ती नसेल तर त्याच नावाचे दुसरे मॉड्यूल शोधाच्या यादीत पुढे कोठेही सापडले तरी त्याला प्राधान्य मिळते, आणि पॅकेज बांधताना सेटअपटूल्सचे फाईंड-पॅकेजेस अशा फोल्डरांना वगळते.

नावांच्या दोन चुका तुमच्या फोल्डरातही दिसल्या. ‘अहवाल’मध्ये तुम्ही गळीत हंगामाच्या तारखांसाठी कॅलेंडर.पाय ठेवली आहे. पायथनच्या प्रमाण ग्रंथालयातही कॅलेंडर नावाचे मॉड्यूल आहे. ‘अहवाल’मधील एखादी फाईल थेट चालवली की शोधाच्या यादीत ते फोल्डर पहिले येते आणि खरे कॅलेंडर मागणाऱ्या प्रत्येकाला तुमचे मिळते, ग्रंथालयातील काही मॉड्यूल आतून कॅलेंडर मागवतात, तेव्हा चूक तुम्ही कधी न लिहिलेल्या ओळीवर दिसते. -एमने चालवल्यास तुमची फाईल ‘ऊस.अहवाल.कॅलेंडर’ या पूर्ण नावाने राहते आणि टक्कर होत नाही, पण तिचे नाव हंगाम.पाय करून टाकणे अधिक बरे. पायथन ३.१३ पासून अशा टकरीत बहुधा फाईलचे नाव बदलण्याची सूचना चूक दाखवणाऱ्या संदेशातच दिसते. दुसरे म्हणजे ‘ऊस’ पॅकेजच्या आत ऊस.पाय नावाची फाईल ठेवू नका. ती थेट चालवली की ‘ऊस’ या नावाला पॅकेजऐवजी तीच फाईल सापडते आणि ‘ऊस इज नॉट अ पॅकेज’ असे उत्तर येते.

परस्परांना मागवणाऱ्या दोन फाईलींची चूक याहून निराळी आहे. ‘पार्शियली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ हे शब्द दिसले, तर -एमने काही साधणार नाही. दोघांना लागणारे फंक्शन तिसऱ्या फाईलीत न्या. तसेच, पांडाज किंवा ओपनपायएक्सेल यांसारख्या बाहेरच्या ग्रंथालयासाठी ‘नो मॉड्यूल नेम्ड’ असे उत्तर येत असेल, तर प्रथम सिस.एक्झिक्युटेबल, म्हणजे चालू असलेल्या पायथनचा पत्ता, छापून पाहा. एकाच संगणकावर दोन-तीन पायथन असणे आपल्याकडे नेहमीचे आहे. ग्रंथालय एकात बसवलेले असते आणि प्रोग्रॅम दुसऱ्यात चालतो. नुसते ‘पिप’ न लिहिता ‘पायथन -एम पिप’ लिहिले की ज्या पायथनने प्रोग्रॅम चालतो त्यातच ग्रंथालय बसते.

रन बटणाची खोड मोडायची नसेल तर ते बटण शिकवता येते. व्हीएस कोडमध्ये ते बटण फाईलचा पत्ता देऊनच चालवते, परंतु लाँच.जेसन या फाईलमध्ये ‘प्रोग्रॅम’ऐवजी ‘मॉड्यूल’ ही नोंद करून ऊस.अहवाल.मासिक असे लिहिले की एफ५ दाबल्यावर -एमप्रमाणे सुरुवात होते. पायचार्ममध्ये रन कॉन्फिगरेशनमध्ये स्क्रिप्टऐवजी मॉड्यूल निवडता येते. पायचार्म मूळ फोल्डर आपणहून शोधाच्या यादीत घालतो, त्यामुळे तेथे चाललेला प्रोग्रॅम टर्मिनलवर अडतो, हा अनुभव तुमच्या सहकाऱ्यांना आला असेल तर त्याचे मूळ येथे आहे.

आता कारखान्याच्या संगणकाकडे वळू. तेथे तुम्ही विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर काम लावले आहे आणि ‘स्टार्ट इन’ हा रकाना रिकामा सोडला आहे. असे काम ‘प्रकल्प’ फोल्डरमध्ये उभे राहून सुरू होत नाही, विंडोजच्या सिस्टीम-३२ या फोल्डरमध्ये उभे राहून सुरू होते. लिनक्सवर क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीने, लावलेले काम तसेच वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये उभे असते. त्यामुळे तेथे -एमलाही ‘ऊस’ सापडणार नाही. ‘स्टार्ट इन’ भरून हे सुटते, पण पक्की रीत म्हणजे पॅकेज रीतसर बसवणे, म्हणजे उभे कोठेही असले तरी ते सापडेल.

त्यासाठी ‘प्रकल्प’मध्ये एसआरसी नावाचे फोल्डर करून ‘ऊस’ त्यात हलवा, आणि ‘प्रकल्प’मध्येच पायप्रोजेक्ट.टॉमल ही फाईल करून तिच्यात बांधणीसाठी सेटअपटूल्सची नोंद आणि प्रकल्पाचे नाव व आवृत्ती एवढे लिहा. एसआरसीची रचना उगाच केलेली नाही. पॅकेज एक पायरी खाली गेल्यामुळे ‘प्रकल्प’मध्ये उभे राहूनही ते अपघाताने सापडत नाही, आणि तुम्ही जे चालवता ते बसवलेलेच आहे याची खात्री राहते. आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रकल्पापुरते वेगळे पायथन) करून, ‘प्रकल्प’मध्ये उभे राहून, ही कमांड द्या.

पायथन -एम पिप इन्स्टॉल -ई .

-ई मुळे पॅकेजची प्रत न होता तुमच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद होते, त्यामुळे कोड बदलला की पुन्हा बसवावे लागत नाही. आता कोणत्याही फोल्डरमध्ये उभे राहून ‘पायथन -एम ऊस.अहवाल.मासिक’ चालेल, आणि चाचण्याही पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनाला सिस.पाथची कसरत न शिकवता चालतील. पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्स या भागात ‘ऊस-अहवाल’ असे नाव आणि त्यापुढे ‘ऊस.अहवाल.मासिक:मुख्य’ असे (‘मुख्य’ हे मासिक.पायमधले काम सुरू करणारे फंक्शन) लिहून पुन्हा एकदा बसवले, तर ‘ऊस-अहवाल’ ही स्वतंत्र कमांडच तयार होते. काट्यावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला -एम समजावून सांगण्यापेक्षा ती द्यावी.

पॅकेज असे बसले, तरी मासिक.पाय वजनांची सीएसव्ही फाईल नुसत्या नावाने उघडत असेल तर ती सापडणार नाही, कारण नुसते नाव हे तुम्ही उभे असलेल्या फोल्डरपासूनच मोजले जाते. इम्पोर्ट सुटल्यावर लगेच ‘फाईल-नॉट-फाउंड’ येते, आणि आपली दुरुस्ती फसली असे वाटून लोक मागे फिरतात. पॅकेजसोबत जाणारी फाईल, उदाहरणार्थ दरांचा साचा, इम्पोर्टलिब.रिसोर्सेसच्या फाईल्स या फंक्शनने उघडा. ते पायथन ३.९ पासून आहे. रोज बदलणारी वजनांची फाईल मात्र पॅकेजमध्ये ठेवू नका, तिचा पूर्ण पत्ता कमांडबरोबर द्या.

कारखान्याच्या संगणकावर -ई न वापरता साधे इन्स्टॉल करा, म्हणजे पॅकेजची प्रत त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जाईल आणि मूळ फोल्डरवर ती अवलंबून राहणार नाही. एन्व्हायर्नमेंट डी ड्राइव्हवरच्या त्या जुन्या फोल्डरात करू नका, सी ड्राइव्हवर स्वतंत्र ठिकाणी करा. शेड्यूलरच्या ‘प्रोग्रॅम’ रकान्यात त्या एन्व्हायर्नमेंटमधील स्क्रिप्ट्स फोल्डरातल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहा. असा पूर्ण पत्ता दिल्यास ॲक्टिव्हेट करण्याची गरज उरत नाही. ‘आर्ग्युमेंट्स’च्या रकान्यात ‘-एम ऊस.अहवाल.मासिक’ आणि त्यापुढे वजनांच्या फाईलचा पत्ता येईल. हे झाल्यावर सिस.पाथची ती ओळ पुसून पॅकेज पुन्हा बसवा, डी ड्राइव्हवरच्या जुन्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदला, आणि रात्रीची वाट न पाहता शेड्यूलरमधूनच ते काम एकदा हाताने चालवून पाहा. अहवाल निघाला, तर जुन्या पत्त्यावर टेकलेले काहीही उरलेले नाही. अडला, तर चूक दाखवणाऱ्या संदेशाच्या शेवटच्या ओळीत कोणते नाव आले आहे ते मला कळवा.